प्रतिसाद: सॅनिटायझर आणि साबण

वर कुणीतरी म्हटलंय की सॅनिटायझर म्हणजे साबणाचाच सुटसुटीत अवतार, दिवसातून कितीही वेळा लावा. इथे थोडी गल्लत होतेय.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल जंतू मारतं, पण हातावरचा मळ, तेलकटपणा किंवा फवारणीच्या औषधाचा अंश काढत नाही. वडापाव खाऊन चिकट झालेल्या बोटांवर जेल चोळलं की तो थर फक्त पसरतो. शिवाय उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसं चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

त्वचेचं म्हणाल, तर अल्कोहोल तिच्यावरचा स्निग्ध थर ओढून घेतं. बोटांची पेरं पांढुरकी पडतात, मग बारीक चिरा. त्यात लिंबू पिळायला घेतलं की कळतंच! जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर (म्हणजे अल्कोहोलबरोबर) १.४५ टक्के ग्लिसरॉल, म्हणजे त्वचा मऊ ठेवणारं ग्लिसरीन, असतं ते याचसाठी. स्वस्त बाटल्यांत ते असेलच असं नाही. साबणाने हात धुऊन लगेच वर सॅनिटायझर ही तर दुहेरी शिक्षा, घरात त्याची काहीच गरज नसते.

मला जास्त धास्ती वाटते ती घरभर ठेवलेल्या बाटल्यांची. ३१ जानेवारी २०२१ला यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं सुदैवाने बचावली. आरोग्य केंद्रात हे होऊ शकतं, तर खाऊच्या डब्याशेजारी ठेवलेल्या रंगीत, वासाच्या बाटलीचं काय?

प्रवासात, दवाखान्यात खुशाल वापरा. नळ समोर असताना कशाला?