चिकाचं झाड, पांढरी फुलं, जोडीने शेंगा… हा कुडाच का? मदत हवी आहे

मंडळी, पंधरा दिवस झाले एका झाडाने डोकं खाल्लंय. डोंगरउतारावर रग्गड आहे त्यामुळे कुणीतरी सांगेलच. बहुतेक माझ्या डोक्याएवढी झुडपंच, एखादं दोन पुरुष उंच. पानं समोरासमोर, वितीपेक्षा लहान, तोडलं की पांढरा चीक. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, फांदीच्या टोकाला झुबक्याने. आधी तगर वाटली, पण तगर अशी रानोमाळ कुठून येणार, आणि तिच्या पाकळ्या चक्रीसारख्या असतात.

खरा घोळ शेंगांचा आहे. लांब, बारीक, जोडीजोडीने लोंबतायत, पण हिरव्या जोड्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली आणि त्याच झाडावरच्या गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा सुट्या! एक जण म्हणतो पांढरा कुडा, दुसरा म्हणतो काळा कुडा, तिसरा म्हणतो दोन्ही एकच. फोटो काढले ते सगळे हलले, सॉरी.

प्रतिसाद १
एकच नाहीत हो. पांढरा कुडा म्हणजे होलार्‍हेना, काळा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, कूळ तेवढं एक. फूल हातात घ्या आणि मधोमध बघा, बारीक दोऱ्यांची झालर दिसली की काळा, पांढऱ्यात झालरबिलर काही नसते. तुमच्या शेंगाही काळ्याच्याच वाटतात, कोवळ्या असताना टोकं जुळलेली, पिकल्यावर सुटतात. पांढऱ्याच्या पहिल्यापासून सुट्या. म्हणून नुसत्या वाळक्या शेंगांवर जाऊ नका, तिथेच माणूस फसतो.

प्रतिसाद २
+१. टिंक्टोरिया हे नावच रंगावरून पडलंय, पानांपासून निळा रंग काढायचे. आणि औषधासाठी साल काढायचा विचार असेल तर आधी ओळख पक्की करा, औषधी कुडा तो पांढरा, आणि त्याच्या सालीत काळ्याची साल मिसळलेली सर्रास सापडते. इंद्रजवाचंही, म्हणजे कुड्याच्या बियांचंही तेच, कडू पांढऱ्याचे, गोडे काळ्याचे.

धागाकर्ता
साल नको हो, नुसतं नाव हवं होतं. आज परत जाऊन आलो. झालर आहे! इतके दिवस फुलाचा वास घेत होतो पण आत डोकावलो नव्हतो, कमाल आहे माझी. पण येताना खाली ओढ्याकडे एक झाड दिसलं, पानं चांगली मोठी, फुलात झालर नाही, कोवळ्या शेंगा सुट्या. म्हणजे पहिले दोघंही बरोबर, तिसऱ्याला कळवतो.