झेवियरांची मान्सिल्यासला पत्रे : काळजी की नुसते हुकूम?

वसईची वेस :
परवा एका परिचितांनी आमच्या गटावर एक टिपण टाकले. त्याचा आशय असा की, सोळाव्या शतकातले येशूसंघाचे (जेझुइट) धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर कोणत्याच मंडळीत टिकून राहिले नाहीत. लोकांना बाप्तिस्मा द्यायचा, पुढचे गलबत गाठायचे आणि मागे ठेवलेल्या बिचाऱ्या सहकाऱ्याला पत्रांतून हुकूम सोडायचे, एवढाच त्यांचा कारभार होता. ‘हल्लीच्या साहेबांसारखा’ हा शेरा वर होताच. टिपणाला माना डोलावणाऱ्यांपैकी किती जणांनी ती पत्रे उघडून पाहिली आहेत, याची मला शंका आहे.

1544 सालची पत्रे पाहावीत. झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आजच्या तमिळनाडूतील, मोती काढणाऱ्या परवर लोकांच्या किनाऱ्यावर गेले. या लोकांनी 1530च्या दशकातच बाप्तिस्मा घेतला होता, परंतु त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. पुढे फ्रान्सिस्को मान्सिल्यास हाताशी आला. हा लिस्बनहून बरोबर निघालेला सोबती. विद्येपेक्षा तळमळ आणि साधेपणा त्याच्याकडे अधिक, असे खुद्द झेवियरांनीच लिहून ठेवले आहे. दोघांनी गावे वाटून घेतली आणि मणप्पाड, पुन्नैकायल, तुतिकोरीन यांच्या दरम्यान चिठ्ठ्या फिरू लागल्या.

त्या चिठ्ठ्यांत ‘चांगला बाप वाईट मुलांशी जसा वागतो तसे या लोकांशी वागा’ असे आर्जव आहे. कंटाळलेल्या मान्सिल्यासला ‘आपण शुद्धिस्थानात (मरणोत्तर पापशुद्धीच्या जागी) आहोत असे समजा’ असा काहीसा मिश्कील दिलासाही आहे. त्या वर्षी जूनमध्ये उत्तरेकडून आलेल्या वडुगर (तेलुगूभाषक) घोडेस्वारांनी किनारा लुटला, तेव्हा लोक कन्याकुमारीजवळच्या खडकांवर पळून गेले आणि तेथे अन्नपाण्यावाचून अडकले. झेवियर वीस होड्यांत शिधा भरून निघाले. वारा उलटा असल्याने होड्या पोहोचेनात, तेव्हा ते पायी गेले. त्यानंतर मान्सिल्यासला आलेली सूचना अशी की, रात्री पहारा ठेवा आणि होड्या पाण्यात तयार ठेवा, म्हणजे घोडेस्वार आले तर माणसे समुद्रात निसटू शकतील. ज्याला तो किनारा ठाऊक नाही, त्याच्या लेखणीतून असे वाक्य उतरत नाही.

मांडवीपार :
आपली भक्ती समजू शकतो, परंतु पत्रव्यवहाराला दोन बाजू असतात आणि आपण एकीच्याच प्रेमात आहात. मान्सिल्यासला काय म्हणायचे होते, हे आपल्याला झेवियरांच्या उत्तरांवरून ताडावे लागते. धीर धरा, रागावू नका, लोकांवर प्रेम करा, असे ज्याला वारंवार सांगावे लागते, तो माणूस किती पिचला असेल? एवढे राबवून घेतल्यावर त्याला मिळाले काय? 1546 साली अंबोनहून (आजच्या इंडोनेशियातल्या बेटावरून) झेवियरांचे फर्मान आले की, किनारा सोडून तिकडच्याच मोलुक्का बेटांवर निघा. तो गेला नाही, आणि 1548 साली त्याला येशूसंघातून काढून टाकण्यात आले. धीराचे सगळे धडे बहुधा एकाच बाजूने गिरवायचे होते.

कोळीवाड्याची लेक :
आपण दोघेही एका पत्राला सोयीस्कर बगल देत आहात. त्यात झेवियर लिहितात की, अरक (ताडाची दारू) पिताना सापडलेल्या प्रत्येक बाईमागे शिपायाला एक फणम (छोटे नाणे) देण्याचे आपण कबूल केले आहे आणि त्या बाईला शिवाय तीन दिवस कोंडून ठेवावे. बाईमागे बक्षीस लावले की शिपाई कोणाकोणाला ‘पिताना’ पकडील, हे सांगायला संत होण्याची गरज नाही. आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांनीच सह्या गोळा केल्या, मतदान मागितले आणि बाटली आडवी केली. त्यानंतर चोरून विकणाऱ्यांवर छापा पडला, तेव्हा पकडून नेली ती गुत्त्यात भांडी घासणारी म्हातारी. मालक ओसरीवर पान खात बसला होता. त्यामुळे असला हुकूम वाचला की मला त्यात मेंढपाळ दिसत नाही, फौजदार दिसतो.

वसईची वेस :
ताई, पत्र अर्धेच सांगू नये. पुन्नैकायलमध्ये यापुढे अरक प्यायला गेल्याचे कळले तर त्याची जबर भरपाई तुमच्याकडून वसूल करीन, असा निरोप त्यांनी गावच्या पट्टंगट्टींना, म्हणजे पुरुष मुखियांनाच, धाडला होता. शिवाय काळ 1544 चा आहे.

कोळीवाड्याची लेक :
मुखियाला निरोप आणि बाईला कोठडी, हा फरक आपल्याला दिसत नसेल तर मी आणखी काय सांगावे! ‘काळ वेगळा होता’ हे वाक्य मी आजवर अनेकदा ऐकले आहे, आणि ते नेहमी शिक्षा न झालेल्याच्या तोंडून ऐकले आहे.

धर्मग्रामातला एक :
दारूच्या बाबतीत मी ताईंच्या विरुद्ध आहे. ज्या घरात पिणे चालते तेथे लहान मुलांचे काय होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. आमच्याकडे फादरांनी एका रविवारी मिस्सेत सर्वांसमक्ष माझ्या काकांचे नाव घेतले. काका त्यानंतर सहा महिने चर्चमध्ये आले नाहीत, पण पिणे सुटले. आज तसे कोणी केले तर तुम्ही मंडळी लगेच मानवाधिकार काढाल.

कोळीवाड्याची लेक :
काकांचे केवळ नाव घेतले गेले, त्यांना तीन दिवस कोंडले नव्हते. आणि काकूंचे नाव घेतले असते तर त्या पुन्हा कधी चर्चमध्ये दिसल्या असत्या का, याचाही विचार करावा.

धर्मग्रामातला एक :
काकूंचा येथे काहीही संबंध नाही. आपण विषय फिरवू नये.

सडेतोड :
झेवियरांच्या पत्रांवर एवढे लिहून झाले तरी मे 1546 मध्ये अंबोनहून पोर्तुगालच्या राजाला गेलेल्या पत्राचा उल्लेख कोणी करत नाही, याचे नवल वाटते. गोव्यात इन्क्विझिशन (धर्मद्रोह्यांची चौकशी करणारे न्यायासन) आणा, असे मागणारा हात तोच आहे.

मांडवीपार :
ते पत्र कोणी नाकारलेले नाही. न्यायासन 1560 साली आले, म्हणजे झेवियरांच्या मृत्यूनंतर जवळजवळ आठ वर्षांनी. तरीही मागणी त्यांनी केली होती, हे खरे आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु ते राजाला लिहिलेले पत्र आहे. येथे चर्चा एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रांची आहे, आणि आपण प्रत्येक धाग्यावर हेच एक पत्र घेऊन उभे राहता, मग विषय नाताळच्या फराळाचा का असेना.

वसईची वेस :
मांडवीपार यांच्याशी माझे एका तरी मुद्द्यावर जुळले, याची नोंद व्हावी. आता मान्सिल्यासकडे वळू. पोर्तुगीज सत्तेपुढे झेवियर गप्प राहिले असा ज्यांचा समज आहे, त्यांनी तुतिकोरीनचा कप्तान कॉस्मे द पायव्हा याच्याविषयीच्या ओळी वाचाव्यात. त्याने आणि त्याच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना इतके छळले की, येथे राहण्यापेक्षा प्रेस्टर जॉनच्या देशात (म्हणजे इथिओपियात) निघून जावे असे वाटते, असे झेवियर उद्वेगाने लिहून जातात. पुढे सप्टेंबरमध्ये वडुगरांनी त्याच कप्तानाची होडी आणि घर जाळले व तो बेटांवर पळाला. तेव्हा मान्सिल्यासला काय पत्र गेले? होड्या घ्या, पाणी घ्या आणि देवासाठी त्याच्या मदतीला धावा. जो आपल्या माणसांना नाडतो त्याच्यासाठी आपल्याच सहकाऱ्याला पाठवणे, याला मी नुसता हुकूम म्हणणार नाही.

मांडवीपार :
हे उदाहरण चांगले आहे, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण त्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. ही सगळी पत्रे दूरवरून लिहिलेली आहेतच कुठे? मणप्पाडहून तुतिकोरीन दीड-दोन दिवसांच्या चालीवर. झेवियरांना मान्सिल्यासची गावे पायाखालची होती, कोणता मुखिया ऐकतो आणि कोणता तोंडावर हो म्हणून मागे पितो, हेही ठाऊक होते. चिठ्ठी चुकली तर आठवड्यात दुसरी जात असे. खरे अंतर पडले ते 1545 मध्ये मलाक्का आणि पुढे अंबोन गाठल्यावर. तेथून सुटलेला कागद कोचीला पोहोचेपर्यंत कित्येक महिने उलटत, आणि दरम्यान किनाऱ्यावर काय घडले ते लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच एका मोठ्या अंतरावरच्या आज्ञेवर मान्सिल्यास अडला. जवळून लिहिणारा बाप वाटला, लांबून लिहिणारा वरिष्ठ झाला.

वसईची वेस :
त्याच आज्ञेवर जुआंव द बैरा निमूटपणे मोलुक्काला गेले, हे सांगायचे राहिले. पत्र एकच होते, माणसे दोन होती. मग दोष पत्राचा कसा?

मांडवीपार :
बैरांनी परवर किनाऱ्यावर मान्सिल्यासइतकी वर्षे काढली नव्हती. ज्याला सोडून जाण्यासारखे काही नाही त्याला निघणे सोपे असते. आणि आपल्याला तुलनाच हवी असेल तर हेन्रिक हेन्रिकेश यांची घ्या. ते 1547 च्या सुमारास त्याच किनाऱ्यावर आले, तमिळ शिकले, व्याकरण रचले, त्यांची तमिळ पुस्तके 1578 पासून छापली गेली आणि 1600 साली ते तेथेच वारले. आपल्याकडे गोव्यातल्या साष्टीत थॉमस स्टीफन्सनी तेच केले. चाळीस वर्षे राहिले म्हणून मराठीतले ख्रिस्तपुराण हातून झाले. मंडळी उभी राहते ती राहणाऱ्यामुळे.

धर्मग्रामातला एक :
आमच्या आजोळी, नगरकडे, पाळक महिन्यातून एकदाच येत. बाकीचे दिवस त्यांच्या पोस्टकार्डावर उपदेशक सगळे चालवीत: कोणाचे लग्न ठरले, कोणाचा शेजाऱ्याशी तंटा झाला, कोणाच्या मुलाला बोर्डिंगात पाठवायचे. आजी ती कार्डे देवळाच्या हिशेबाच्या वहीत घालून ठेवत असे. एका कार्डात फक्त एवढेच होते की, विहिरीवरून भांडण झालेल्या दोन्ही घरांत आधी जेवून या आणि मग बोला. तो पाळक राहणारा नव्हता, तरी ती मंडळी आजही आहे.

मांडवीपार :
महिन्यातून एकदा तो येत होता ना? मग तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे.

धर्मग्रामातला एक :
साक्षीदार कोणाचा ते आजी ठरवील, आपण नाही.

वसईची वेस :
मांडवीपार यांनी ‘नुसते हुकूम’ हा शब्द 1544 पुरता मागे घेतला आहे, असे मी गृहीत धरतो. अंबोनच्या पत्राबाबत मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण त्या वेळी मान्सिल्यासला कोणत्या अडचणी होत्या हे झेवियरांनी आधी विचारायला हवे होते, असे मलाही वाटते. बडतर्फीनंतर तो कोचीत साधा धर्मगुरू म्हणून राहिला, आणि 1557 साली झेवियरांच्या जीवनाची चौकशी झाली तेव्हा त्याने कोचीतच साक्ष दिली, तीही गौरवाची. ज्याला काढून टाकले त्यानेच ही साक्ष द्यावी, हे टिपणकारांनी विचारात घ्यावे.

मांडवीपार :
मागे घेतलेला नाही, आवरता घेतला आहे. आणि काढून टाकलेल्या माणसाने चांगले बोलावे, यात काढणाऱ्याचा मोठेपणा कसा सिद्ध होतो, हे मला अद्याप कळलेले नाही. मोठा असेल तर मान्सिल्यास.

कोळीवाड्याची लेक :
या साक्षीत त्या कोंडलेल्या बायकांपैकी कोणाला बोलावले होते का? माझा प्रश्न अजून तेथेच आहे, आणि काकूंचा संबंध आहे.