उडत्या चतुराचा फोटो जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोरजवळ आमचं शेत आहे. गणपतीच्या आसपास शेततळ्याच्या बांधावर चतुरांचे (ड्रॅगनफ्लाय) थवे येतात. गेली तीन वर्षं मी त्यांचे फोटो काढते आहे. काडीवर, गवताच्या शेंड्यावर बसलेले चतुर आता छान येतात, पंखांवरची जाळी स्वच्छ दिसते. मला हवा असलेला चतुर मात्र दिवसा क्वचितच बसतो. सोनेरी पिवळ्या अंगाचा, तांबूस डोळ्यांचा वाँडरिंग ग्लायडर, म्हणजे पँटाला फ्लाव्हेसेन्स.

पावसाळा सरताना हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा जीव! ते वाचल्यापासून बसलेल्या चतुराच्या फोटोने माझं समाधान होत नाही. बसलेला असला की त्याची ओळख पटते, पण त्याचं उडणं त्यात कुठे असतं?

माझ्याकडे एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स ७०-३०० मिमी झूम. फ्लॅश नाही. आतापर्यंत लेन्स ३०० वर, सतत ऑटोफोकस, शटर १/१००० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) एफ ५.६ असं वापरलं. परवाच्या रविवारी सकाळी ६४० फोटो काढले, त्यातले चार ठीक आले आणि त्या चारांतही पंख पुसट. बाकी सगळ्यांत फोकस मागच्या भातखाचरावर. भाताची लोंबी न लोंबी स्पष्ट आणि पुढे एक पिवळा डाग.

ऑटोफोकस सोडून द्यावा का? शटर किती ठेवावा? आणि उभं कुठे राहायचं? पकडून, दोरा बांधून किंवा फ्रिजमध्ये गार करून काढलेला फोटो मला नको आहे. तो मोकळा उडतानाच हवा.

– भातखाचर

रानवाट:
ताई, ऑटोफोकस या कामापुरता बंद करा. चौकटीत इतकी लहान वस्तू आणि मागे भाताच्या हजार रेषा असल्यावर कॅमेरा मागचंच पकडणार. लेन्स मॅन्युअलवर टाका, तीन मीटरवरच्या एखाद्या गवताच्या काडीवर फोकस करून ठेवा आणि चतुर त्या अंतरात आला की सलग पाच-सहा फोटो घ्या. फोकसची रिंग फिरवत त्याच्या मागे लागू नका. थोडं पुढेमागे व्हायचं असेल तर अंगानेच झुका.

दुसरं म्हणजे ३०० चा हट्ट सोडा. तीन मीटरवर ३०० आणि एफ ५.६ ला दोनेक सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. एफ ८ केलंत तर तीन. तेच २०० वर एफ ८ ला सात सेंटिमीटर मिळतात, म्हणजे अख्खा चतुर मावतो. तो चौकटीची पाव रुंदीच भरेल, पण २४ मेगापिक्सेलमधून कापून घेता येतं. डोळा धूसर असलेला मोठा फोटो घेऊन करायचं काय?

शटरचं बोलायचं तर पंख सेकंदाला तीसेक वेळा हलतात. १/१००० मध्ये पंखाचं टोक तीन-चार मिलिमीटर सरकतं, म्हणून पुसट. १/३२०० वर जा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६००-२००० लागला तरी घाबरू नका. तुमचा हा चतुर मागच्या रुंद पंखांवर तरंगतो बराच वेळ, तेव्हा १/२००० सुद्धा चालून जातं.

ओढ्याकाठी:
वरचं सगळं बरोबर. मी फक्त वाऱ्याचं सांगतो, कारण माझे फोटो त्यानेच सुधारले. हे चतुर वाऱ्याकडे तोंड करून तरंगतात, कधी कधी तर एका जागी थांबल्यासारखे. म्हणून वारा आपल्या पाठीवर घ्यायचा, म्हणजे ते आपल्याकडे तोंड करून येतात. तुम्ही सकाळी जाता. सप्टेंबरात वारा पश्चिमेचा, तो पाठीवर घेतला की सूर्य तुमच्या डोळ्यांत आणि चतुर काळा. संध्याकाळी साडेचार-पाचला जा, वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी येतील. ऑक्टोबरात वारा पूर्वेकडून येऊ लागला की मग सकाळ धरा.

तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरला असेल तर त्याच्या ओल्या कडाही बघत राहा. चकाकता पृष्ठभाग त्यांना पाण्यासारखाच वाटतो, म्हणून गाडीच्या टपावरही अंडी घालायला उतरतात. अशा वेळी जोडी खालून आणि पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यात फिरते.

जुना कॅमेरा:
आधी सोप्यावर हात बसवा. तळ्यात बांबूची एक काठी रोवा. काळा-पिवळा, शेपटीच्या टोकाला पाळीसारखे पसरट भाग असलेला कॉमन क्लबटेल जातीचा चतुर तिच्या टोकावर येऊन बसेल. तो उडतो, एक चक्कर मारतो आणि बहुतेक वेळा त्याच काठीवर परततो. काठीच्या वीतभर अलीकडे फोकस बांधून ठेवा आणि परतताना घ्या. आठवडाभर हेच करा, बोट कधी दाबायचं ते अंगात भिनतं.

भातखाचर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काठी रोवली, तिसऱ्या दिवशी क्लबटेल आला. चार दिवस त्याच्यावरच सराव केला.

काल शनिवारी पाचला पश्चिमेच्या बांधावर वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिले. ओढ्याकाठी दादा, तुम्ही म्हणालात तसे ते खरंच समोरून येत होते! एक तर माझ्यापासून तीन पावलांवर दोन-तीन सेकंद थांबला. ४१० फोटोंमधले अकरा स्पष्ट आहेत. एकात पाय छातीशी दुमडलेले दिसतात आणि उजव्या पंखाचं टोक फाटलेलं आहे. तशा पंखानेही तो दिवसभर उडत होता. हा फोटो मी रात्री कितीदा तरी उघडून पाहिला.

आता एकच अडचण. मागे ढगाळ आकाश आलं की अंग काळं पडतं. एक्स्पोजर किती वाढवू?

रानवाट:
फार सुंदर, ताई! फाटक्या पंखाचा आहे तसाच ठेवा, दुरुस्त करू नका. पांढऱ्या ढगावर एक ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, पंखांच्या कडा विरायला लागल्या की थोडं मागे या. त्यापेक्षा सोपं म्हणजे गुडघ्यावर न बसता बांधावर उंच उभ्या राहा आणि मागे समोरचा डोंगर येऊ द्या. हिरव्यावर हा पिवळा फार खुलतो.