मदत हवी आहे: बोर्दोची रेड वाईन उन्हाने गेली, की अजून कोवळीच आहे?

मेव्हण्याने फ्रान्सहून ओ-मेडोकच्या (बोर्दोतलाच एक भाग) दोन बाटल्या आणल्या होत्या. साल २०१८. द्राक्षांत कॅबर्ने सोव्हिन्यों जास्त, त्याखालोखाल मेर्लो, थोडी पेती व्हर्दो. नाशिकचा अख्खा उन्हाळा त्या कपाटात आडव्या पडून होत्या, एसीशिवाय. (माहीत आहे, ओरडू नका.)

रविवारी एक उघडली. बूच दोनेक मिलिमीटर वर आलेलं, पण गळती नाही. पहिल्या घोटाला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. ताज्या फळाचा वास नाहीच; आला तो आटवलेल्या मुरंब्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा अजिबात नाही. रंग गडद, कडेला किंचित विटकरी.

आधी २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली, मग २ तास काचेच्या जगमध्ये. तुरटपणा बराच निवळला, मुरंबा तसाच. मटणाबरोबर चालून गेली, नुसती नाही.

तुरटपणा कॅबर्नेचा, तो वयाबरोबर कमी होईल हे कळतं. अडलंय ते वासाशी. दुसरी बाटली त्याच कपाटातली, पण तिचं बूच वरून चाचपलं तर जागेवर वाटतं. घरात वाईनचा फ्रीज नाही, घेणारही नाही. ती आणखी तीन-चार वर्षं ठेवण्यात अर्थ आहे, की याच महिन्यात उघडून संपवावी?