बाबांचा पुन्हा सीटी: रेडिएशन कमी कसं करून घ्यायचं?

निनाद_०७: बाबा ६८ वर्षांचे, मूत्रनलिकेत ७ मिमीचा खडा. सीटी झालाय, आता खडा सरकला का बघायला परत सीटी सांगितलाय. रेडिएशनची धास्ती वाटते. पेसमेकर जुना आहे, एमआरआय होणार नाही. तो सोडून सुचवा.

रावसाहेब: सरळ एमआरआय करा. शून्य रेडिएशन. माझ्या गुडघ्याचा केला, काय क्लिअर आला!

निनाद_०७: पेसमेकर, दादा.

तिखटमीठ: पेसमेकर नसता तरी एमआरआयमध्ये खडा धड दिसत नाही. सोनोग्राफी करा.

आशय_म: २५६ स्लाइसवाल्या (एका फेरीत २५६ काप टिपणाऱ्या) मशीनवरच जा. आमच्या आईचा तिथेच केला, पाच सेकंदांत काम खल्लास.

सीटीवाला: स्लाइस मोजून डोस कळत नाही, प्रोटोकॉल बघा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'लो डोस सीटी केयूबी, कॉन्ट्रास्टशिवाय' असं लिहून घ्या, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत, डाय न टाकता. नेहमीच्या पद्धतीत साधारण १० मिलीसीव्हर्ट (रेडिएशन डोसचं एकक) बसतात, लो डोसमध्ये ३ च्या आत काम होतं. वजन फार असेल तर बारीक खडे सुटू शकतात, ते आधी विचारा. हात डोक्यावर घ्यायचे. अंगाशी ठेवले तर मशीन जास्त करंट सोडतं. पेशंट गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, मधोमध हवा. घाईत टेबल खाली-वर राहतं आणि डोस बिघडतो, हे रोज बघतो.

कुंदा_ताई: माझ्या पोटाचे तीन फेज काढले! साधा, मग डाय टाकून दोनदा. नंतर दुसरे डॉक्टर म्हणाले, एकात भागलं असतं. तेव्हापासून पोटावर लेड एप्रन मागितल्याशिवाय झोपतच नाही.

सीटीवाला: ताई, स्कॅनच्या भागात एप्रन आला तर ऑटो एक्स्पोजर, म्हणजे मशीनचं आपोआप डोस ठरवणं, उलट डोस वाढवतं. एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच २०१९ मध्ये सांगितलं, जननेंद्रियांवर सरसकट शिल्ड नको.

कुंदा_ताई: मग स्वतः काचेमागे का पळता?

सीटीवाला: आम्ही दिवसभर तिथेच असतो हो.

रावसाहेब: स्कॅननंतर भरपूर पाणी पाजा, रेडिएशन धुऊन निघतं.

तिखटमीठ: एक्स-रे अंगात साठत नाहीत. पाणी डायसाठी पाजतात, आणि इथे डाय नाहीच.

सीटीवाला: निनाद, जुना डोस रिपोर्ट काढा. त्यात डीएलपी, म्हणजे पूर्ण स्कॅनच्या डोसचा आकडा, असतो. तो गुणिले ०.०१५, म्हणजे ६०० असेल तर ९ मिलीसीव्हर्ट. आणि जुन्या टोपोग्राममध्ये, म्हणजे स्कॅनआधीच्या त्या साध्या चित्रात, खडा दिसत असेल तर नुसत्या केयूबी एक्स-रेवर भागू शकतं. डॉक्टरांना विचारा.

निनाद_०७: डीएलपी ५८० निघाला. डॉक्टर म्हणाले, टोपोग्राममध्ये खडा दिसतोय, एक्स-रे आणि सोनोग्राफी चालेल. पण बाबा अडून बसलेत, सीटीच करायचा, तोही जुन्याच सेंटरला. चिठ्ठीवर लो डोस लिहून घेतलंय. शुक्रवारी जातोय.

आशय_म: २५६ च बघा हो.