जुनी पुस्तकं मुलांना मोठ्यानं वाचून दाखवताना पान पुढं सरकत नाही, काय करावं?

जुळे_सोलापूर
मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 चा, दोघं सेमी इंग्लिशला. रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचायचं ठरवलंय. सुरुवात ‘श्यामची आई’नं. धाकटा दहाव्या मिनिटाला उठतो, मोठी दर ओळीला शब्दाचा अर्थ विचारते. मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का? आणि नंतर ‘बनगरवाडी’ घेतली तर चालेल का?

साखर_पेठ
संक्षिप्त नकोच. त्यात गोष्ट उरते, पण आईचं बोलणं कापलं जातं, आणि मोठ्यानं वाचायचं ते त्या बोलण्यासाठीच.

अर्धा तास 7 वर्षांच्या मुलाला फार होतो. पंधरा मिनिटं धरा. मोठ्यानं वाचताना एका पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे पाच-सहा पानं. पुस्तकात प्रकरणाला ‘रात्र’ म्हटलंय, अशा 42 रात्री आहेत, पण ‘एका रात्रीत एक रात्र’ हा हिशोब बसत नाही, काही रात्री लांब आहेत. आश्रमातली सुरुवातीची बोलणी धाकट्यासाठी गाळली तरी गोष्ट अडत नाही. शिवाय प्रत्येक रात्र सुटी वाचता येते, त्यामुळे पहिल्यापासूनच जायला हवं असं नाही. ‘श्यामचे पोहणे’, ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’ आधी घ्या. पत्रावळीच्या दिवशी बाजारातून एक खरी पत्रावळ आणून समोर ठेवा, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. आईच्या आजारपणाच्या शेवटच्या रात्री झोपायच्या वेळी नकोत, रविवारी सकाळी वाचा.

शब्दांचं असं करा. आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचून पेन्सिलीनं खुणा करायच्या. जो शब्द कळला नाही तर प्रसंगच कळणार नाही (उदा. सोवळं), तेवढाच वाचायच्या आधी सांगायचा. एका बैठकीला तीन, जास्त नाही. बाकीचे संदर्भातून आपोआप लागतात. वाक्याच्या मधे थांबून अर्थ सांगणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मराठीत क्रियापद शेवटी येतं; तिथं पोचेपर्यंत ‘कोण’ हेच मूल विसरलेलं असतं. मुलीला सांगा, परिच्छेद संपला की विचार.

आणि प्रत बघून घ्या. साने गुरुजी 1950 साली गेले, कॉपीराइटची साठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळे हे पुस्तक आता कुणीही छापतं. अनुक्रमणिकेत 42 रात्री आहेत का मोजा. टाइप बारीक असेल तर रात्रीच्या दिव्यात वाचणाराच अडखळतो. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आधी प्रत आणून बघा, मग विकत घ्या.

विजापूर_नाका
‘बनगरवाडी’ धाकट्याला आत्ता नको, मोठीला चालेल. वाक्यं छोटी आहेत, दम लागत नाही. बोलणं माणदेशी आहे, आणि सांगोला तालुका माणदेशातच येतो की! आपल्याकडच्या पोरांच्या कानाला ती बोली पुण्या-मुंबईकडच्या पोरांपेक्षा लवकर बसते. छापलंय तसंच वाचा, मनानं ‘शुद्ध’ करत बसू नका.

बिघडतं ते आवाजात. सिनेमातल्या गावठी माणसाचा हेल काढला की वाडीचा कारभारी विदूषक होतो आणि पोरं नको तिथं हसतात. आवाज बदलायचा नाही, फक्त वेग. कारभारी सावकाश, मास्तर नेहमीच्या चालीनं, बास. शेवटी दुष्काळात वाडी उठते. तो भाग तुकडे न पाडता एका बैठकीत संपवा.

‘च’कडेही लक्ष असू द्या. ‘चार’मधला आणि ‘चारा’मधला च वेगळा, अक्षर मात्र एकच. दिवसभर इंग्रजी वाचणारी मुलं दोन्हीकडे ‘चार’वालाच लावतात. टोकू नका, तुमच्या तोंडून रोज ऐकलं की सुधारतं.

कन्ना_चौक
साखर पेठ, बाकी पटलं, पण धाकट्याला पंधरा मिनिटं हात बांधून बसवायचं कशाला? कोरी वही आणि खडू द्या. हात गुंतले की कान मोकळे राहतात. मान वर करत नाही म्हणून ‘ऐकतोयस ना?’ विचारू नका, आणि संपल्यावर प्रश्नोत्तरं तर मुळीच नकोत. शाळा झाली की उठलाच.

मुलीला पानाआड पान वाचायला देऊ नका. ती अडखळते, धाकटा पेंगतो. तिला एकाच पात्राची वाक्यं द्या, आधी खूण करून.

एप्रिल-मेमध्ये पंखा फुल्ल असतो, त्याच्यावर आवाज चढवला की चार दिवसांत घसा बसतो. नऊनंतर गच्ची बरी. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

जुळे_सोलापूर
वही-खडू आजपासूनच. मधूनमधून कविता घेतल्या तर? मनाचे श्लोक दोघांनाही थोडे पाठ आहेत.

साखर_पेठ
जरूर. 205 श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात: लगागा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा. पण पाठ असलेल्या मुलांची खोड ठरलेली, वृत्ताच्या तुकड्यावर शब्द तोडतात: ‘गणाधी शजोई शसर्वां गुणांचा’. चाल बरोबर, अर्थ गायब. आधी बोलल्यासारखं सावकाश वाचा: ‘गणाधीश, जो ईश सर्वां गुणांचा’. दोनदा असं झालं की मग चालीत म्हणा. रोज दोन श्लोक, पाच मिनिटं, आणि गोष्टीच्या आधी. नंतर ठेवले तर ऐकायला धाकटा जागा नसतो.