व्हिएतनाम-जपान प्रवासात मॅनिक्युअर: क्युटिकल कापू द्यावं का? आणि आधीचं जेल कुठे काढावं?

धंतोलीची_प्रवासी

नमस्कार. नोव्हेंबरमध्ये आई आणि मी नागपूरहून हनोई (६ दिवस) आणि तिथून टोकियो (१० दिवस) असं जाणार आहोत. परतल्यावर चौथ्या दिवशी घरी हळद, मग मेंदी आणि लग्न. माझ्या नखांवर धरमपेठेतल्या पार्लरमध्ये लावलेलं जेल आहे. निघेपर्यंत त्याला २ आठवडे होतील. विचारायचं ते असं:

हे जेल इथेच काढून जावं की तिकडे काढून नवीन लावावं? तिकडे क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) कापतात म्हणे, ते नको असेल तर काय सांगायचं? टिप द्यायची का? आणि आईला मधुमेह आहे. तिला हनोईत मॅनिक्युअर-पेडिक्युअर करायची फार हौस आहे, करू द्यावं का?

नखशिल्प_नागपूर

ताई, आधी जेल कुठे काढायचं ते ठरवा. बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

जेल म्हटलं तरी सगळं एकसारखं नसतं. साधं जेल पॉलिश अ‍ॅसिटोनमध्ये फुगून सुटतं. हार्ड जेल अजिबात विरघळत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं. नखाला जाडी देणाऱ्या बिल्डर जेलमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. परदेशातल्या पार्लरमधल्या मुलीला तुमच्या नखावर काय आहे ते नुसतं बघून कळत नाही. मग ती अर्धा तास अ‍ॅसिटोनमध्ये ठेवते, सुटलं नाही की पुशरने (कातडी मागे सारायच्या अवजाराने) खरवडते, आणि जेलबरोबर नखाचे वरचे थर निघून येतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे खराब झालेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने धरा. म्हणून निघण्याच्या २-३ दिवस आधी, ज्या पार्लरमध्ये लावलं तिथेच काढून घ्या.

काढतानाही लक्ष ठेवा. आधी वरचा टॉपकोट १८० ग्रिटच्या (मध्यम खरखरीत) फाइलने घासून त्याची चमक घालवायची. ती तशीच राहिली तर अ‍ॅसिटोन आत शिरत नाही. मग नखाच्या मापाचा कापूस भिजवून ठेवायचा, फॉइल गुंडाळायची आणि १० ते १५ मिनिटं थांबायचं. नारंगी लाकडी काडीने हलकं ढकलल्यावर सुटलं तर ठीक, नाहीतर परत ५ मिनिटं गुंडाळायचं. जोर लावायचा नाही. नंतर दिवसातून दोनदा तेल लावा, खोबरेलही चालतं.

जेल तसंच ठेवून गेलात तर टोकियोत खर्च वाढतो. तिथे दुसऱ्या दुकानात लावलेलं जेल काढण्याला ‘तातेन ओफु’ म्हणतात आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे लागतात. काही दुकानं हार्ड जेल किंवा कृत्रिम नखांचं अ‍ॅक्रिलिक काढायला नकारही देतात. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

आता क्युटिकल. देशादेशांतला खरा फरक इथेच आहे, रंगात नाही.

आपल्या पार्लरमध्ये मॅनिक्युअर म्हणजे कोमट पाणी, शाम्पू, स्क्रब, कोपरापर्यंत मसाज, पॅक. आपण हाताकडे बघतो, बाहेर बऱ्याच ठिकाणी फक्त नखाकडे बघतात. मसाज त्यात धरलेला असेलच असं नाही, हवा असेल तर आधी विचारा.

व्हिएतनाममध्ये बोटं पाण्यात भिजवून निपरने (कातडी कापायच्या छोट्या चिमट्याने) कातडी अगदी कडेपर्यंत काढतात. हात सफाईदार असतो, पण कापतात जास्त. नको असेल तर ‘खोंग कात् झा’ म्हणा. हनोईत ‘झा’, दक्षिणेला सायगावकडे तोच शब्द ‘या’ असा ऐकू येतो. अर्थ सरळ आहे, कातडी कापू नका.

जपानमध्ये पुशरने मागे सारतात, अंगठ्याला ओलं गॉझ गुंडाळून नखावरचा पापुद्रा पुसून काढतात आणि निपर फक्त सुटलेल्या धाग्यांपुरता वापरतात. क्युटिकलला शब्द ‘अमाकावा’. ‘अमाकावा वा किरानाइदे कुदासाइ’ म्हटलं की काम झालं. नखाचा आकारही तिथे नेलकटरने नाही, फाइलने देतात. वेळ जास्त लागतो, तेवढा ठेवा.

रशियन पद्धत तुमच्या वाटेवर नाही, पण दुबईत बरीच दिसते म्हणून सांगते. त्यात पाणी वापरतच नाहीत. इलेक्ट्रिक फाइलला बारीक डायमंड बिट (फिरणारं घासायचं टोक) लावून कातडीखालचा कोपरा साफ करतात, कात्रीने कड कापतात आणि जेल पार त्या कडेला टेकवतात. त्यामुळे वाढ उशिरा दिसते. हात कच्चा असेल तर बिट एका जागी थांबतो, आधी नख तापतं आणि मग अर्धचंद्रासारखी खाच पडते. चटका जाणवला की तिथेच हात मागे घ्या. ब्राझीलमध्ये याच्या उलट, भिजवून कातडी पूर्ण काढतात, नेलपेंट मुद्दाम बोटावर जाईल असं लावतात आणि काडीला कापूस गुंडाळून रिमूव्हरने कडा साफ करतात. कड फार रेखीव येते.

माझं मत: हनोईत नखं मोकळी ठेवा, जेल टोकियोत शेवटच्या दोन दिवसांत लावा. ते २-३ आठवडे टिकतं, लग्न आरामात निघेल. आणि जेलच्या आधी पाण्यात भिजवू देऊ नका. नख पाणी शोषून पसरतं, वाळल्यावर आक्रसतं आणि वरचा थर कडेने सुटतो.

सदर_ते_साकुरा

टिपबद्दल: जपानमध्ये देत नाहीत, दिली तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. व्हिएतनाममध्ये सक्ती नाही, काम आवडलं तर थोडे पैसे हातात द्या. पुढे कधी अमेरिकेत गेलात तर १५ ते २० टक्के धरूनच चाला, रोख दिलेलं त्यांना बरं पडतं.

सामानाबद्दल: निपर, पुशर, कात्री चेक-इन बॅगेत. रिमूव्हर आणि नेलपेंट ज्वलनशील असतात. चेक-इनमध्ये एक बाटली ५०० मिलिपर्यंत आणि अशा सगळ्या प्रसाधनांचं मिळून २ लिटरपर्यंत चालतं, हातातल्या बॅगेत १०० मिलिच्या आतली बाटली. तरी विमान कंपनीचा नियम बघून घ्या.

स्वतःचा किट न्यायचा, डेटॉलच्या पाण्यात बुडवायचा, की स्वच्छतेची काळजी मिटली.

त्वचा_आणि_नखं

स्वतःचा किट न्या हे बरोबर, पण डेटॉलने काळजी मिटत नाही. त्याने अवजार निर्जंतुक होत नाही. किट फक्त तुमच्याच हातासाठी असेल तर साबणाने घासून, वाळवून, ७० टक्के अल्कोहोलने पुसलेला चालेल. आईचा आणि तुमचा किट मात्र वेगळा ठेवा.

सलोनमध्ये बघायचं ते हे. अवजार सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघालं पाहिजे आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असला पाहिजे. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंशाला किमान १५ मिनिटं वाफ मिळाली की निर्जंतुकीकरण होतं. निळा दिवा लावलेली यूव्ही पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, ती फार तर साफ केलेली अवजारं ठेवायची जागा. निळ्या औषधात बुडवलेली अवजारं दिसली तर ती पूर्ण बुडालेली आहेत का बघा. त्यांना १० मिनिटं लागतात, दोन गिऱ्हाइकांच्या मधे नुसतं बुचकळून काढण्याचा उपयोग नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवस तरी टिकू शकतो. लस घेतली नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात. नोव्हेंबरपर्यंत तीनही होणार नसतील तरी सुरुवात करा.

क्युटिकल म्हणून जे कापलं जातं त्यात दोन गोष्टी असतात. नखावर चिकटलेला पातळ मेलेला पापुद्रा काढला तर काही बिघडत नाही. त्याच्या मागे जिवंत कातडीची जी कड असते, ती नखाच्या मुळाला लावलेलं सील आहे. ती कापली की पाणी आणि जंतूंना वाट मिळते आणि नखुरडं होतं: बोटाची कड लाल, ठणकणारी, नंतर पू. सुरुवातीला कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा बोट बुडवा. पू दिसला किंवा लाली पसरायला लागली तर डॉक्टरकडे जा, घरी सुईने फोडू नका.

आईंच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे. हाताला मसाज आणि साधं नेलपेंट खुशाल करू द्या, क्युटिकलला हात नको. पेडिक्युअर टाळा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, गरम पाण्याचा चटका किंवा पात्याचा काप कळत नाही, आणि पायाची जखम भरायला वेळ लागतो. टाच खरवडायचं ब्लेड तर कोणत्याच देशात नको.

जेल कडक करायच्या यूव्ही लॅम्पपासून हात वाचवायला बोटांची टोकं कापलेले हातमोजे न्या. सनस्क्रीन लावलं तर ते नखावर जाऊ देऊ नका, जेल धरत नाही. आणि जेलनंतर नखांभोवती खाज, पुरळ किंवा पापण्यांना सूज आली तर ती जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा ब्रँड बदलून बघत बसू नका, जेल थांबवा. एकदा आलेली ही अ‍ॅलर्जी बहुधा जात नाही, आणि पुढे दाताच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या अशाच पदार्थांनाही ती होऊ शकते.

धंतोलीची_प्रवासी

खूप आभार. आईला दाखवलं, पेडिक्युअरवर ती जरा हिरमुसली, पण ऐकलं. एकच राहिलं: टोकियोत जेल लावलं आणि इथे येऊन हळद-मेंदी, तर जेल पिवळं पडेल का?

नखशिल्प_नागपूर

फिकट रंगाचं पडतं. पांढरा, न्यूड, फ्रेंच हे हळदीला लगेच धरतात. गडद लाल, मरून किंवा वाइन रंग घ्या. फिकटच हवा असेल तर हळदीच्या आधी नखांवर आणि कडेला तेलाचा हात फिरवा आणि कार्यक्रम झाल्याबरोबर धुवा. डाग उरला तर कापसावर अल्कोहोल घेऊन पुसा. अ‍ॅसिटोन नको, त्याने टॉपकोटची चमक जाते.

मेंदीला जेल असलेलं उलट बरंच. मोकळ्या नखाला मेंदीचा रंग लागला तर तो नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो, जेलवरचा पुसता येतो. फक्त मेंदी रंगल्यावर ते जेल उतरवायला बसू नका. अ‍ॅसिटोनने बोटांच्या टोकांचा रंगच आधी उडतो.

अजून एक. टोकियोत जेल लावून झालं की त्यांना बेस आणि टॉपच्या बरण्यांचा फोटो काढू द्या म्हणा. नंतर ते धरमपेठेत काढताना इथल्या मुलीला लागेल.